अप्पांनी काढलेली नावाडीण

काकूंचा फोन आला तेव्हा मी बँकेत एका गृहस्थांशी सहीवरून हुज्जत घालत होते. फॉर्मवरची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नव्हती, आणि वयानुसार माणसाची सही बदलते हे ते मला तिसऱ्यांदा समजावून सांगत होते. फोन मी दोनदा कापला. तिसऱ्यांदा उचलला, तर काकू नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, ‘‘सीमा, अप्पा गेले... जेवली का तू? जेवून ये, घाई नको करू.’’ मी फॉर्म शेजारच्या टेबलावर सरकवला आणि उठले. सिव्हिल लाइन्समधून घरी पोचेपर्यंत रिक्षात रडून घेतलं, कारण काकूंसमोर रडायचं नाही असं ठरवलं होतं. पोचले तर त्यांनीच मला जवळ घेतलं, आणि ठरवलेलं सगळं राहून गेलं.

याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारी माणसं खालच्या खोलीत बसतात, चहा घेतात आणि निघताना म्हणतात, ‘बिचारे.’ मला हा शब्द सोसत नाही. माझा स्वभाव तापट आहे, आमच्या शाखेत कुणीही सांगेल. परवा एक जण म्हणाले, ‘शेवटी शेवटी काँप्युटरवरच्या खेळात मन रमवत होते म्हणे, चला, तेवढाच विरंगुळा.’ काकूंनी माझ्या हातात चटकन चहाचा ट्रे दिला नसता तर मी त्या गृहस्थांना बरंच काही सुनावलं असतं. अप्पा विरंगुळा करत नव्हते. अप्पा एक लढाई लढत होते आणि ती जिंकून गेले. कशी, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

भास्करराव मोकाशी, म्हणजे अप्पा, माझे घरमालक, आणि काकू त्यांच्या पत्नी. भोसल्यांच्या चाकरीत कधीतरी यांचं घराणं जबलपूरला आलं आणि इथलंच झालं. मी मूळची कोल्हापूरची, बँकेच्या बदलीनं चार वर्षांपूर्वी आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर एकटी राहू लागले. पहिल्याच दिवशी अप्पांनी खालून विचारलं होतं, ‘‘मॅनेजरबाई, सामान काहून उन्हात ठेवलं?’’ मी मॅनेजर नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटवता आलं नाही. तेव्हा मी ‘काहून’ला खुदकन हसले. अप्पा शांतपणे म्हणाले, ‘‘हसा. दोन वर्षांनी तुम्हीपण म्हणून राहाल.’’ दोन वर्षं लागली नाहीत. आईशी फोनवर बोलताना माझ्या तोंडून तो शब्द गेला आणि पलीकडे आईच हसली.

नोकरीत असताना अप्पा इथल्या एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. हे काम आता उरलेलं नाही, म्हणून सांगते. एखाद्या यंत्राच्या भागाचं चित्र ड्राफ्ट्समन कागदावर काढायचा. त्यावर पारदर्शक कागद पसरून तेच चित्र शाईनं, रेघेवर रेघ, जसंच्या तसं उतरवायचं, म्हणजे त्याच्या हव्या तितक्या प्रती निघायच्या. हे उतरवणारा तो ट्रेसर. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असत: कोणी काढलं, कोणी उतरवलं, कोणी तपासलं. अप्पांची सही आयुष्यभर मधल्या चौकटीत पडली. हात असा, की फूटभर रेघ ते श्वास रोखून एका दमात ओढत आणि ती कुठेही जाड-बारीक होत नसे. पण ती रेघ आधी दुसऱ्यानं काढलेली असायची.

मला एक छंद आहे, जो बँकेत मी कुणाला सांगत नाही. सुटीच्या दिवशी मी काँप्युटरवर छोटे खेळ बनवते. त्या वेळी जो बनवत होते तो ग्वारीघाटावरचा होता: नर्मदेत नाव हाकायची, माणसं या तीरावरून त्या तीरावर न्यायची, मधे भोवरे चुकवायचे. खेळ चालवणारी आज्ञावली मला जमते, चित्रं मात्र अजिबात जमत नाहीत. माझा बैल आणि माझी किटली यांतला फरक मी सांगितल्यावरच कळतो. म्हणून इंटरनेटवरून फुकट मिळणारी चित्रं घेतली होती. अशा खेळातली पात्रं छोट्या छोट्या चौकोनांची बनलेली असतात. एकेका चौकोनात एकेक रंग भरायचा, सोळा घरं रुंद, बत्तीस घरं उंच, की झाला माणूस. त्याला स्प्राइट म्हणतात. मला मिळालेला माणूस होता समुद्री चाचा. टोपी, तलवार, बूट घालून तो माझ्या नर्मदेत नाव हाकत होता.

एका रविवारी अप्पा गिझर तपासायला वर आले आणि माझ्या पडद्यासमोर थबकले. गिझर राहिला. किती तरी वेळानं म्हणाले, ‘‘हे तर आमच्या ग्राफ पेपरसारखं आहे नं... पण हा कोण बाप्पा? ग्वारीघाटावर तलवार घेऊन काय करून राहिला?’’ मी माझी अडचण सांगितली. त्यांनी खुर्ची ओढली. संध्याकाळपर्यंत चाच्याच्या डोक्यावर गमछा आला होता, तलवारीचा बांबू झाला होता आणि अप्पांचा चहा तीनदा गार झाला होता.

त्यानंतरचे दोन-तीन महिने आमची चैन होती. मी आयती चित्रं शोधून आणायची आणि अप्पांनी ती बदलायची. बंदरावरच्या व्यापाऱ्याचा पंडा, म्हणजे घाटावरचा पुजारी, झाला, राजकन्येची नवी नवरी झाली, पिंपांच्या जागी दुधाचे कॅन आले. चूक एकच होत असे, आणि ती फक्त ट्रेसरलाच होऊ शकते. मी मांजरीची शेळी करायला सांगितली. अप्पांनी शिंगं दिली, कान पाडले, शेपूट आखूड केलं... आणि मिशा तशाच ठेवल्या. मिशीवाली शेळी बघून मी हसत सुटले, तर ते गंभीरपणे म्हणाले की मिशा काढायचं तुम्ही सांगितलं नव्हतं, आणि मूळ कागदावर असलेलं खोडायचा अधिकार ट्रेसरला नसतो. गमछेवाल्या नावाड्याच्या पायातही कित्येक दिवस चाच्याचे बूट होते.

नवशिक्या खेळकर्त्यांचा आमचा एक ऑनलाइन गट आहे. तिथे एक वाद कधीच मिटत नाही: नव्या माणसानं दुसऱ्याचं चित्र बदलत शिकावं की पहिल्या दिवसापासून स्वतःचं काढावं? मी पहिल्या बाजूची, आणि हिरिरीनं. मी अप्पांचं उदाहरण देऊन तिथे भांडून आले होते. मग एके दिवशी खेळाच्या शेवटी येणारी नावं मी लिहिली. फुकट चित्रं देणाऱ्यांची अट असते, आमचं नाव लिहा. त्याप्रमाणे ‘मूळ चित्रं’ म्हणून त्या परदेशी माणसाचं नाव दिलं आणि खाली ‘बदल: भास्कर मोकाशी’. मोठ्या कौतुकानं अप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

‘‘म्हणजे इथंही मधल्याच चौकटीत,’’ ते म्हणाले.

आणि मग, माझ्याकडे न बघता, ‘‘मॅनेजरबाई, मला एक चित्र माझं काढायचं आहे. एकच. पहिल्या चौकटीतलं.’’

मी म्हटलं, काढा की, त्यात काय. नावाडी तुमचा काढा, चाच्याला निवृत्त करू. रिकामा चौकोन उघडून दिला. अप्पा त्याच्यासमोर बसले. एक रविवार गेला, दुसरा गेला. एक घर काळं करायचे, पुसायचे. ज्या माणसानं दोन-तीन महिन्यांत अख्खा घाट सजवला होता, त्याच्याकडून पांढऱ्या चौकोनावर एक नाक निघेना. आणि मला घाई होती. खेळ पुरा करून गटात मिरवायचा होता. तिसऱ्या रविवारी मी म्हणून गेले, ‘‘अप्पा, सोडा ना. ज्याला जे येतं ते त्यानं करावं.’’ बोलताना मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. अप्पा ‘अच्छा’ म्हणाले, उठले आणि खाली गेले. आठ दिवस वर आले नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी काकू डबा घेऊन वर आल्या. रागावल्या नव्हत्या, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला सांगितलं की नोकरीत अप्पा ड्राफ्ट्समनच्या परीक्षेला दोनदा बसले आणि दोन्ही वेळा नापास झाले. परीक्षेत एखादी वस्तू फक्त शब्दांत सांगायचे आणि समोर कोरा कागद ठेवायचे. खाली दुसऱ्याचं चित्र नसलं की त्यांचा हात चालत नसे. दोन्ही वेळा कागद कोराच परत दिला. आणि दुसऱ्या वेळी साहेबांनी त्यांना जे ऐकवलं होतं, ते जवळपास माझंच वाक्य होतं. काकू उठताना म्हणाल्या, ‘‘त्यांची छाती आता पहिल्यासारखी नाही, डॉक्टरांनी सांगितलं आहे. तू हसतमुखानं नाही म्हण, हो म्हण, पण लवकर ठरव.’’

अप्पांच्या फुफ्फुसांचं दुखणं मला माहीत होतं, पण ते इतकं पुढे गेलंय हे माहीत नव्हतं. मी तशीच खाली गेले. अप्पा जेवणाच्या टेबलावर ग्राफ पेपर पसरून बसले होते. मी म्हटलं, ‘‘अप्पा, माझं चुकलं.’’ माझ्या तोंडून हे वाक्य सहसा निघत नाही. त्यांनी मान वर केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. ‘‘चुकलं-बिकलं नंतर. हे पाहा, जमून राहिलं का?’’

कागदावर एक बाई होती. तीनदा. एकदा समोरून, एकदा बाजूनं आणि एकदा वरून. वरून म्हणजे खरंच वरून: एक गोल, त्यात छोटा गोल अंबाडा, दोन्हीकडे खांदे. यंत्राचा भाग जसा तिन्ही बाजूंनी दाखवतात तशी अप्पांनी अख्खी बाई दाखवली होती, खाली ठिपक्यांच्या रेघा, टोकाला बाण. मला हसू फुटणार होतं. तेवढ्यात लक्षात आलं, समोरची बाई आणि बाजूची बाई उंचीला तंतोतंत सारख्या आहेत. पदर दोन्हीकडे त्याच घरात, कंबर त्याच घरात, अंबाडा त्याच घरात. हे सगळ्या नवशिक्यांचं मोठं दुखणं असतं. समोरून काढलेला माणूस बाजूला वळला की बुटका होतो किंवा त्याची मान लांबते. आमच्या गटात त्यावर लोक महिनोन्‌महिने रडतात. अप्पांनी तो प्रश्न पहिल्याच कागदावर सोडवला होता, कारण असा प्रश्न असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. कारखान्यात सगळे असंच करत.

आणि ती बाई काकू होत्या. कोऱ्या कागदाची भीती अप्पांनी अशी मोडली होती: मनातलं काढता येत नाही ना, मग समोर जे आहे ते मोजायचं. आठ दिवस ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायकोची मापं घेत होते, हातात फूटपट्टी धरून, एक डोळा मिटून. काकूंना वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. माझ्या खेळातला नावाडी गेला आणि नावाडीण आली. पदर खोचलेली, हातात बांबू घेतलेली. खऱ्या काकूंना नावेत पाय ठेवला की चक्कर येते. त्यांनी चित्र पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘मी काय इतकी रुंद आहे?’’ अप्पांनी मोजपट्टी दाखवून सांगितलं, आहे. त्या दिवशी अप्पांना वरण-भातच मिळाला.

पण उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं. स्प्राइटला चालवायचं तर एकामागून एक चित्रं लागतात: हा पाय पुढे, दोन्ही जवळ, तो पाय पुढे. अप्पांनी पाय बरोबर हलवले, तरी नावाडीण घाटावर चालेना. घसरत जाई, खाली चाकं लावल्यागत. मी पुस्तकी उपाय सांगितले. अप्पांनी ते ऐकून घेतले आणि काकूंना व्हरांड्यात चालायला लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सकाळच्या उन्हात. मागच्या भिंतीवर त्यांनी खडूनं आडव्या रेघा मारल्या होत्या. स्वतः खुर्चीत, नाकाला ऑक्सिजनची नळी. काकू कंटाळत, ‘झालं का बाप्पा’ म्हणत आणि पुन्हा वळत. चौथ्या दिवशी अप्पांनी मला हाक मारली. ‘‘पाय लांब पडले की माणूस ठेंगणा होते. पाय जवळ आले की पुन्हा उंच. एका घराचा फरक आहे, बस. ते आपण दिलंच नव्हतं.’’ आम्ही डोकं एक घर खाली घेतलं... आणि काकू चालल्या. पडद्यावर, बत्तीस घरं उंचीच्या, उजवा खांदा किंचित झुकवून, हुबेहूब. इतका आनंद मला बँकेनं कधी दिला नाही. मी टाळ्या पिटल्या. अप्पा खोकत खोकत हसत होते आणि काकू दोघांना दटावून गप्प बसा म्हणत होत्या.

पुढचे तीन महिने ही शर्यत होती, आणि कुणाशी ते आम्हा तिघांनाही कळत होतं. चारी दिशांचं चालणं, मग नाव हाकणं, मग बसणं. अप्पा पलंगावर उशीला टेकून टॅब्लेटवर काम करत. कधी दिवसात दहाच घरं भरून होत. दवाखान्यात दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा डॉक्टरांना आधी विचारलं की टॅब्लेट आणू द्याल नं. मी एकदा हळूच सुचवलं की बसलेली नावाडीण जुन्या चित्रातून बदलून घेऊ, कुणाला कळणार? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटचं चित्र एका गुरुवारी सकाळी संपलं. रविवारी मी खेळ इंटरनेटवर टाकला. त्याआधी शेवटची पाटी अप्पांना वाचून दाखवली नाही, त्यांनाच वाचू दिली. ‘नावाडीण: चित्र, भास्कर मोकाशी.’ वर कुणाचं नाव नाही, खाली कुणाचं नाही. त्यांनी बोटानं त्या अक्षरांवरून रेघ ओढल्यासारखं केलं, एका दमात. मग इथली खव्याची जिलेबी मागवायला लावली आणि डॉक्टरांना न विचारता खाल्ली.

त्याच दुपारी त्यांनी मला अजून एक गोष्ट करायला सांगितली, आणि ती ऐकून मी चकितच झाले. नावाडीण फुकट ठेवायची. कुणीही घ्यावी, हवी तशी बदलावी. मी म्हटलं, अप्पा, इतक्या जिवावर काढलेलं चित्र, उद्या कुणी तिला टोपी घालेल, तलवार देईल. ते म्हणाले, ‘‘देऊ द्या. मीपण कोणाच्या तरी चाच्यावरच हात बसवला नं. तो नसता, तर मी गिझर पाहून खाली गेलो असतो.’’ त्यांची अट एकच होती, खाली नाव राहावं. त्यानंतर अकराव्या दिवशी अप्पा गेले. सकाळी, झोपेत, टॅब्लेट उशाशी चार्जिंगला लावलेला.

तर असे हे ‘बिचारे’.

मागच्या रविवारी मी आणि काकू व्हरांड्यात बसलो होतो. माझ्या फोनवर एक मेसेज आला. जवळच्या मझौली गावातल्या एका मुलीचा, कॉलेजात शिकते, हिंदीत लिहिलेला. तिनं इंटरनेटवरून नावाडीण उतरवून घेतली होती. साडी काढून सलवार-कुर्ता दिला होता, डोळ्यांवर चष्मा, खांद्याला झोळा. ही माझी आई, आशा कार्यकर्ती आहे, गावोगाव चालत जाते, तिच्यावर खेळ बनवते आहे, असं तिनं लिहिलं होतं. मूळ चित्रकाराचं नाव खाली दिलंय, बरोबर आहे ना? मी चित्र काकूंना दाखवलं. त्यांनी फोन दूर धरून, जवळ धरून पाहिलं. बाई परकी होती. पण ती चालायला लागली आणि उजवा खांदा किंचित झुकला. काकूंनी फोन मला परत दिला.

मेसेज तेवढ्यावर संपला नव्हता. मुलीनं पुढे लिहिलं होतं की आता तिला आजीचं चित्र स्वतःचं स्वतः काढायचं आहे, कोऱ्या चौकोनापासून, पण तिची आजी चालत नाही, घसरते. तुमच्या सरांनी चालवलं कसं, त्यांना विचारून सांगाल का?

मी लिहायला घेतलं, सर आता नाहीत. खोडलं. पाय लांब पडले की डोकं एक घर खाली घ्यायचं, असं लिहिलं. तेही खोडलं. तिसऱ्यांदा काही तरी टाइप करत होते, तेव्हा काकूंनी विचारलं, काहून खोडून राहिली? मी म्हटलं, तिला कसं सांगावं ते कळत नाही.

‘‘सांगून नाही समजत ते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘त्यांना तरी कुठं समजलं होतं.’’

त्या उठल्या. पदर खोचला आणि व्हरांड्याच्या त्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मागच्या भिंतीवर खडूच्या आडव्या रेघा अजून होत्या. मी फोनचा कॅमेरा सुरू करून समोर धरला.

‘‘काढून राहिली नं?’’ त्यांनी विचारलं, आणि चालू लागल्या.